आईच्या जागी बसलेला मिस्त्री

चिकलठाण्यात माझ्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह जीपचं काम करणारा एक मिस्त्री आहे. बोलतो कमी, आणि बोलतो तेही गाडीखालून. शेंद्र्याकडच्या आमच्या शेतावर जाताना ओढ्यात जीपचं पोट घासायचं, म्हणून ती उंच करायला नेली, तर म्हणाला, "मागं कोण बसतंय?"

"आई. पण धक्क्यांपायी आता येतच नाय ती."

"मंग लई उंच नाय करायची. त्यांना चढता आलं पायजे."

त्यानं सपाट पडलेले कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, काढून नवे, नरम घातले, शॉक-ॲब्सॉर्बर बदलले आणि गाडी चारच बोटं उचलली. मला वीतभर हवी होती. मी चिडलो.

ट्रायलला मी जीप त्याच ओढ्याकडं घेतली, तर तो पुढं बसलाच नाही. मागं, आईच्या जागी, डोळे मिटून बसला. "पाटे मागच्यालाच कळतेत," म्हणाला. ओढ्यात एकही दगड न लागता जीप वर चढली, तशी त्यानं पत्र्यावर जोरात थाप मारली. "आता आणा त्यांना!"

रविवारी आई आली. ओढा ओलांडताना मी आरशात पाहिलं. तिनं आधाराचा दांडा धरलाच नव्हता. दोन्ही हातांनी ती भुईमुगाच्या शेंगा फोडून खात होती.