दहा पानांची जुडी

केरळातला ऐन पावसाचा कर्किडकम महिना लागला की कार्त्यायनीच्या दारी बायकांची रीघ लागायची. या महिन्यात दहा तऱ्हेच्या पानांची भाजी खायची, आणि ती दहा पानं जुळवावीत तर कार्त्यायनीनंच, हे गावात ठरूनच गेलेलं. टाकळा, अळू, सुरण, कोहळा, तोंडली... डोळे मिटून नुसत्या बोटांनी ती पान ओळखायची. जुडीचा पैसा घेत नसे. मान तेवढा घेई, आणि तो पोटभर घेई.

यंदा मात्र तिचं परसच उरलं नव्हतं. उन्हाळ्यात मुलगा दुबईहून आला आणि सगळीकडे तांबड्या फरश्या बसवून गेला. त्याला एकट्याला दोष देऊन भागणार नव्हतं. "चिखल नको रे बाबा, पाहुणे घसरतात," हे तीच म्हणाली होती. पुढचं अंगण सगळ्यांना दिसत होतं. मागचंही झाकलं गेलंय, हे तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

पहिल्या दिवशी सहा जणी आल्या. 'नाही' म्हणायला जीभ रेटेना. "उद्या या," म्हणाली, आणि पहाटे रबराच्या मळ्याच्या कडेला गेली. तिथं चार दिवसांपूर्वी पाठीवर टाकी घेतलेला माणूस तणनाशक मारून गेला होता. अर्धा उतार करपलेला. कार्त्यायनीनं हिरव्या अर्ध्यातलं खुडलं. एका टाकळ्याची कड पिवळी पडलेली दिसली, ती नखानं तोडून टाकली. रोज तेच.

नवव्या दिवशी समोरची साजिता आली. शिवणकाम करणारी, चौतिशीची, बोलण्यात पटाईत. साऱ्या गावासारखी तीही कार्त्यायनीला 'चेची', म्हणजे थोरली बहीण, म्हणायची.

"चेची, माझी जुडी!"

"हळू गं. पानं काय पळून जातायत?"

"पळाली असती तर बरं झालं असतं. त्यांच्यामागं धावून मी तरी बारीक झाले असते!"

दोन वर्षं साजिताचं अंग सुटत चाललं होतं. रोज दुसऱ्यांची मापं घ्यायची आणि स्वतःची कपाटात लपवायची. ती पायरीवर टेकली.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, फवारणीतली, प्लास्टिकमधली काही रसायनं पोटात गेली की चरबी साठते, असा संशय आहे. म्हणाल्या, टाळता येईल तेवढं टाळ. आपल्या मातीतलं, ऋतूतलं खा. मी सगळे प्लास्टिकचे डबे काढून टाकले. सासू म्हणते, डबे गेले, आता सूनबाई कधी जाणार?"

कार्त्यायनी हसली. हसू ओठांवरच वाळलं.

"आणि भाजीची मला चिंताच नाही. नऊ दिवसांत बाजारचं एक पान घरात आणलेलं नाही. तुमचं परस म्हणजे माझं औषधाचं दुकान. आज मीच खुडते, चालायलाही सांगितलंय."

"अगं थांब, तिकडं निसरडं आहे—"

पण ती विहिरीला वळसा घालून गेलीसुद्धा. कार्त्यायनी मागोमाग धावली, आणि विहिरीपाशीच थांबली. साजिता कुंपणाच्या भिंतीपर्यंत पसरलेल्या फरश्यांकडे बघत उभी होती.

"टाकळा कुठाय, चेची?"

खोटं तयार होतं. भावाच्या परसातून आणते, म्हटलं की झालं. पण साजिताच्या हातात स्टीलचा डबा होता, नवा कोरा.

"रबराच्या मळ्याच्या कडेचा," कार्त्यायनी म्हणाली. "तिथं औषध मारलंय. मला माहीत होतं."

साजिता ओरडेल असं तिला वाटलं. ओरडली असती तर सोसलं असतं.

"तुम्ही खाल्लीत ती भाजी?"

कार्त्यायनीनं मान खाली घातली. नऊ दिवस ती घरात पापड आणि कुळथाच्या पिठल्यावर जेवत होती. पानं खाऊ नयेत असं तिनं ठरवलं नव्हतं. हात आपोआप दुसऱ्या भांड्याकडे जायचा.

"नाही गं."

"बरं," साजिता म्हणाली. एवढंच. जाताना तिनं फाटक हळूच लावलं, आजारी माणसाच्या खोलीचं दार लावावं तसं.

पायरीवर पाच जुड्या मांडलेल्या होत्या. कार्त्यायनीनं त्या कचऱ्याच्या खड्ड्यात टाकल्या. बायका येण्याची वाट बघत बसणं सोपं होतं. एकेकीला हळू आवाजात सांगता आलं असतं, थोडं इकडचं तिकडे करून. तिनं चपला घातल्या.

पहिलं घर वासंतीचं.

"अगंबाई चेची, तुम्ही स्वतः आलात? जुडी कुठाय?"

"आज जुडी नाही," कार्त्यायनी उंबऱ्याबाहेरच थांबून म्हणाली. "आणि आधीच्या दिल्या, त्या देण्यासारख्या नव्हत्या. आत बोलवू नकोस. ऐकून घे आधी."