आधी माय, मग लेकरू

नियम करण्याच्या बाबतीत माझ्या आत्याने सरकारलाही मागे टाकलं होतं. सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यावर तिने पिंपळनेरला, राहत्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत, चार खाटांचं प्रसूतिगृह थाटलं आणि साऱ्या गावाची ती अक्का झाली. आत पाऊल टाकायचं तर कोपरापर्यंत हात धुवायचे, मग तुम्ही सरपंच असा नाहीतर बाळाची सख्खी आजी. नवऱ्यांनी अंगणातल्या निंबाखाली थांबायचं, पण नुसतं थांबायचं नाही. हापशावरून पाणी आणायचं, बंबासाठी लाकडं फोडायची. "बठ्ठा कष्ट तिनाच का?" सगळे कष्ट बाईनेच का काढायचे, असं ती विचारायची आणि चांगले मिशाळ गडी मुकाट्याने कुऱ्हाड उचलायचे. माझ्या मुलीच्या जन्माच्या वेळी मी एवढी लाकडं फोडली, की पुढे कितीतरी दिवस शाळेत मला फळ्यावर धड लिहिता येईना.

सगळ्यात कडक नियम मात्र प्रश्नाचा होता. आतून रडणं ऐकू आलं की बाहेरची मंडळी दाराशी धावायची. "पोऱ्या का पोर?" असं जो आधी विचारील त्याच्या तोंडावर दार बंद. आधी "माय कशी शे?" हेच विचारायचं. एका सासूबाईंना हे काही केल्या सुचेना. दुपारपासून दिवेलागणीपर्यंत त्या ओट्यावर बसून राहिल्या आणि शेवटी रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "बरं बाई, मन्ही सून कशी शे?" आत्याने लगेच त्यांना आत घेतलं, नात मांडीवर दिली आणि वर शेवभाजी-भाकरी वाढली.

मग, गावात घरोघर टीव्ही येऊ लागले त्या काळात, प्रसूतिगृहांच्या परवान्याचे नियम नवे झाले. मोजपट्टी घेऊन साहेब आले. आत्याने त्यांनाही हात धुवायला लावले. ते म्हणाले दार अरुंद आहे, तिने भिंत फोडून दार रुंद केलं. शेवटची अट मात्र अशी होती, की अडल्या वेळी ऑपरेशन करणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर हवा. त्यासाठी तिने साक्रीला, धुळ्याला खूप खेटे घातले. पिंपळनेरला येऊन राहायला कोणी तयार होईना.

गाव खवळलं. मोर्चा काढू, असं मीही बोलून बसलो, तर ती आमच्यावरच उखडली. आदल्या वर्षी बाळंतपणानंतर एका बाईचं रक्त थांबेना, म्हणून आत्या तिला जीपने धुळ्याला घेऊन निघाली होती. साक्री यायच्या आत ती बाई आत्याच्या मांडीवरच गेली. "नियम खोटा नई शे, बाबा," आत्या म्हणाली, "डॉक्टर ऱ्हाता ते ती वाची जाती." आणि तोंडाला पदर लावून रडायला लागली. पाटी तिने स्वतःच उतरवली. नियम बरोबर होता, आत्याही बरोबर होती, आणि आमच्या गावच्या बायका मात्र कळा देत धुळ्याच्या रस्त्याला लागल्या. याचा राग कोणावर काढावा हे मला अजून कळलेलं नाही.

त्यानंतर ती ओट्यावर बसून असायची. गावातल्या रहीमभाईची भाड्याची जीप एखाद्या बाळंतिणीला घेऊन धुळ्याकडे निघाली की ही उठून उभी राहायची आणि जीप परत येईपर्यंत हिच्या घशाखाली घास उतरत नसे. रहीमभाईला ते ठाऊक होतं. परतताना तो घरासमोर गाडी हळू करून ओरडायचा, "अक्का, माय चांगली शे!" मग ती जेवायला उठायची. मुलगा की मुलगी, हे विचारायचं तिच्या बरेचदा ध्यानातही राहत नसे.

एका उन्हाळ्यात आत्या गेली. तेरावं झाल्यावर मी तिच्या घराला कुलूप लावत होतो, तेवढ्यात धुळ्याकडून जीप आली आणि सवयीने हळू झाली. रहीमभाईने मान बाहेर काढली, ओट्याकडे पाहिलं आणि त्याला आठवलं. मग माझ्याकडे न बघता, त्या रिकाम्या ओट्यालाच हलक्या आवाजात म्हणाला, "अक्का, माय चांगली शे."