उजव्या कानामागची

आमच्या समोरच्या मिलवाल्या काकू अख्खं बुऱ्हाणपूर पाठमोरं ओळखतात. समोरून मात्र त्यांना कोणीच ओळखू येत नाही. बाजारात एखादी बाई हसून "काय काकू, बऱ्या का?" म्हणाली, की त्या गोंधळून तिच्या तोंडाकडे बघत राहतात. ती वळून चालू लागली, की लगेच मागून हाक येते, "अगं, तू दापोऱ्याची नं? दोन भोवरेवाली!" बिचारी भर बुधवारा बाजारात डोक्यावर पदर ओढून घेते, कारण काकूंचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "आता नाहीत नं डोक्यात?"

काका पेपर मिलमधून रिटायर झाले तेव्हा दोघं मिलची कॉलनी सोडून आमच्या गल्लीत आले. मी तेव्हा तिसरीत होते. कॉलनीतल्या सगळ्या पोरींची डोकी काकूंनीच साफ केलेली, त्यामुळे इथे सामान लागायच्या आधी त्यांची चटई ओट्यावर पडली. तिच्यावर फणी, खोबरेल तेलाची बाटली आणि फोपनारहून, त्यांच्या भावाच्या मळ्यातून आलेला केळ्यांचा घड. रविवारी दुपारी गल्लीतल्या आम्ही मुली आळीपाळीने त्यांच्या पुढ्यात बसायचो. न हलता बसली तिला अख्खं केळं, हलली तिला अर्धं.

उवांवर काकूंचा फारसा राग नव्हता. "ऊ काय, चालतीफिरती जात. आज तुझ्यात, उद्या शेजारणीत. लीख मात्र रजिस्ट्री करून बसते." फणीत आलेल्या उवा त्या गप्पा मारता मारता नखावर टिचवायच्या, पण लीख दिसली की एकदम गप्प. तो एकच केस वेगळा करायचा, दोन नखांच्या चिमटीत धरायचा आणि मुळापासून टोकापर्यंत लीख सरकवत आणायची. औषधं, शाम्पू त्यांना मंजूर नव्हते. माझ्या डोक्याशी त्यांचं खास वैर होतं. "इंग्लिश मीडियमची लीख लई चिवट, बेटा. एवढी फीस भरून आलेली, सहज कशी जाईल?"

एकदा भजनाला पुढे बसलेल्या अनोळखी बाईच्या अंबाड्याखाली त्यांना काहीतरी दिसलं आणि हात आवरले नाहीत. बाई आधी दचकली, मग मान सैल सोडून डोळे मिटून बसली. आरतीला सगळे उभे राहिले तरी या दोघी खालीच. निघताना त्या बाईने एवढंच विचारलं, "दीदी, अगले हफ्ते भी आओगी ना?"

त्या बाईचं मला मुळीच नवल वाटलं नाही. शाळेत इंग्रजी, गल्लीत हिंदी, घरी मराठी, आणि तिन्हीकडे माझं तोंड बंद, अशी मी मुलगी. पण काकूंच्या पुढ्यात बसलं की समोर नुसता रस्ता असायचा. कोणाचा चेहरा नाही, त्यामुळे बोलता यायचं. उवांमुळे मॅडमनी मला शेवटच्या बाकावर एकटीला बसवलं, हे मी आईला सांगितलं नव्हतं. काकूंना सांगितलं. त्यांचे हात थांबले नाहीत. "बसू दे नं. तिथून सगळ्यांची डोकी दिसतात. कोणाकोणाच्यात आहेत ते बघून ये, मला सांग." दुसऱ्या दिवशी मी खरंच बघत बसले. दिवस चांगला गेला.

अडचण वेगळीच निघाली. मी न्हाऊन आले की आई गच्चीवर उन्हात माझं डोकं तपासायची आणि दर वेळी तिला एक लीख सापडायची. एकच, उजव्या कानामागे. "काकूंची नजर गेली गं," आई म्हणाली. "आता मेडिकलमधून औषधच आणते." आईने औषध आणलं असतं तर तिचं बघून गल्लीतल्या बाकीच्या आयांनीही आणलं असतं, आणि काकूंच्या चटईवर बसायला कोणी उरलं नसतं.

पण ओट्यावरून कोपऱ्यावरच्या बसची पाटी वाचणाऱ्या काकूंची नजर गेली, हे मला पटेना. पुढच्या रविवारी मी लक्ष ठेवून बसले. त्यांचं नख उजव्या कानामागे आलं, एका केसावर थांबलं. मग त्यांनी तो केस तसाच सोडला आणि वरचे केस अलगद सारखे केले. "झालं बघ," त्या म्हणाल्या. "तरी पुढच्या रविवारी ये हं. यांचा काय भरवसा!"

घरी येऊन मी आईला म्हणाले, "मला औषध नको. मला काकूंकडेच जायचंय." मी काही मागितलं याचंच आईला इतकं आश्चर्य वाटलं की कारण विचारायचं राहून गेलं. ती एक लीख आई काढत राहिली, शाळा नव्यांची भर घालत राहिली, आणि काकूंचे रविवार चालू राहिले.

आता मी इंदूरला नोकरी करते. गल्लीतल्या मुलींना रविवारी ट्यूशन असतं आणि औषध घरोघरी आहे. यंदा दिवाळीत आले तर काकूंची चटई तिथेच होती, शेजारच्या घडावर काळे डाग पडायला लागले होते. मी रस्ता ओलांडून सरळ त्यांच्या पुढ्यात जाऊन बसले. त्यांनी माझ्या खांद्याला धरून मला उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ शोधलं.

"काहीच नाही गं तुझ्यात," त्या म्हणाल्या. जणू मी त्यांच्याकडे रिकाम्या हाताने आले होते.

"नीट बघा नं काकू," मी रस्त्याकडे बघत म्हणाले. "उजव्या कानामागे."

त्यांचे हात थांबले. एक रिक्षा गेली, तिच्यामागची धूळही खाली बसली. मग नख कानामागे आलं, एका केसावर टेकलं.

"हं. आहे एक." त्यांनी वरचे केस सारखे केले. "राहू दे. पुढच्या वेळी काढू."

आणि माझ्या खांद्यावरून एक केळं पुढे आलं. मी चांगलीच हलले होते, तरी अख्खं.