हनुवटीवरचा कॅमेरा

बाइकच्या हँडलला कॅमेरा लावला की इंजिनाची थरथर व्हिडिओत उतरते, म्हणून धाकट्या भावानं तो हेल्मेटच्या हनुवटीवर बसवला. खोपोलीपर्यंतचा रस्ता लख्ख दिसायचा. फक्त साजगावच्या बुद्धविहारासमोर तो चालत्या गाडीवरच मान झुकवायचा आणि व्हिडिओतला रस्ता खाली वाकायचा.

"मान सरळ ठेव की रं!" व्हिडिओ एडिट करताना मी खेकसायचो.

"तेवढं कापून टाक, दादा."

मी दर वेळी कापलं.

पावसाळ्यात तो वारला. परवा त्याचंच हेल्मेट घालून, कॅमेरा चालू करून त्याच रस्त्यानं निघालो. विहार आला तेव्हा मान हट्टानं ताठ धरली, अगदी दुखेपर्यंत.

घरी येऊन व्हिडिओ लावला. विहारासमोर रस्ता सावकाश खाली वाकला आणि वर आला.

या वेळी तेवढंच ठेवलं. बाकीचं सगळं कापून टाकलं.