उजव्या बाजूने चढणारा मेंढपाळ

बुर्माकानने इसाकुनला पहिल्यांदा पाहिलं ते कोचकोर गावच्या क्लबात, तो स्वतःच काढलेल्या चित्रासमोर मान खाली घालून उभा असताना. लिनोलियमवर कोरून कागदावर छापलेलं चित्र होतं ते, घोड्यावर चढणाऱ्या मेंढपाळाचं. छापात डाव्याचं उजवं होतं, हे कोरताना तो विसरला होता. त्यामुळे मेंढपाळ उजव्या बाजूने चढत होता, आणि तसं तर तिथलं शेंबडं पोरही चढत नाही. "चित्रकारसाहेब, घोडा लाथ घालेल," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. इसाकुनही हसला, पण त्याचे कान लाल झाले. बुर्माकानला ते कान आवडले.

लग्नानंतरही तो दर उन्हाळ्यात कळपांबरोबर सोनकुल तलावाकडच्या कुरणांवर जायचा आणि बर्फ भुरभुरू लागलं की चित्रं घेऊन उतरायचा. लेकरं, गाई, गवताच्या गंजी हे सगळं बुर्माकानच्या गळ्यात. ती कुरकुरायची, पण दमून बसायला तिला सवड नव्हती.

यंदा, म्हातारपणी, त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला. डॉक्टरांनी घोडा बंद केला. एकदाच तलाव पाहू दे, तिथलं एक शेवटचं चित्र करतो, मग हट्ट नाही, असं तो म्हणाला. जावयाच्या ट्रकमधून दोघं वर गेली.

वर बोचरा वारा होता. शेजारच्या तंबूतल्या बायकांनी कुमीस, घोडीचं आंबवलेलं दूध, आणून दिलं आणि आपापल्या घोड्यांची चित्रं मागितली. इसाकुन आपल्या तंबूच्या दाराशी कागद मांडीवर घेऊन बसला. ऊन कलेपर्यंत कागदावर एक रेघ उमटली नाही.

"नजर गेली की काय?" बुर्माकानने विचारलं.

"दिसतं गं म्हातारे, सगळं दिसतं. उठून जवळ जावंसं वाटत नाही, एवढंच."

"मग घरी चला."

"घरी काय काढू?"

"मला काय विचारता? एवढ्या वर्षांत घर नीट पाहिलंय कुठे तुम्ही?"

तो अंधारेपर्यंत पाण्याकडे पाहत राहिला, मग कोरा कागद गुंडाळून तिच्या हातात दिला. दुसऱ्या दिवशी दोघं खाली उतरली.

आता तो खिडकीपाशी बसून अंगणातला जर्दाळू नाहीतर दोरीवरचे कपडे कोरतो. कागदावर लाकडी चमच्याची पाठ घासून छाप उठवायला त्याच्या खांद्यांत जोर नाही; ते काम बुर्माकान करते.