मन्यारणीचा मुलूख

नागपूरच्या मासिकाच्या संपादकांचं पहिलं पत्र आलं तेव्हा मी अंगणात बांगड्यांचे रंग वेगळे करत बसले होते. हात पुसून पत्र उघडलं. लिहिलं होतं: "आपला लेख पाहिला. यास प्रवासवर्णन म्हणता येणार नाही. काशी, काश्मीर, विलायत अशा स्थळांचे वर्णन वाचकांस अपेक्षित असते. डोणगावाहून दुसरबीडास जाणे हा प्रवास नव्हे. शिवाय सदर लेख आपण स्वतःच लिहिला आहे काय, हेही कळवावे."

मी ते सासूला वाचून दाखवलं. तिला अक्षर येत नव्हतं, पण ऐकताना तिचा चेहरा लाल झाला. म्हणाली, "त्याले म्हना, डोक्यावर टोपली घेऊन एकदा दुसरबीडले पायी चालून पाह्य. मंग सांग परवास हाय का नाही थे."

आम्ही मन्यार. गावोगाव जाऊन बायकांच्या हातात बांगड्या भरणं हा आमचा पिढीजात धंदा. मी लहान असताना आमच्या गावात मुलींना उर्दू शाळा नव्हती, मराठी होती. नातेवाइकांनी नाकं मुरडली तरी वडिलांनी मला तिथे घातलं. चार इयत्ता झाल्या आणि लग्न झालं, तेही गावातच. नवऱ्याचं बाजारात छोटं दुकान होतं. फिरतीचं काम सासूकडे, आणि तिच्या मागोमाग माझ्याकडे आलं. एका तट्टावर माल लादायचा, उरलेला डोक्यावर घ्यायचा आणि मेहकरावरून खाली दुसरबीडपर्यंत गावं करत जायचं. वर्षातून एकदा घाट उतरून सासूच्या माहेरी, रोहिणखेडला.

बांगडी भरताना बाईचा हात आपल्या हातात असतो. अंगठा आत दुमडायचा, हाडं हळूहळू दाबत बांगडी वर चढवायची. दुखतं, म्हणून बाई बोलत राहते. तिचं लक्ष दुसरीकडे जावं म्हणून आपणही बोलतं ठेवायचं. कुणब्याची, वाण्याची, वकिलाची, कारकुनाची, कुणाचीही बाई असो, त्या पाव घटकेत ती आपल्याशी जे बोलते ते नवऱ्याशी बोलत नाही. मी दहा वर्षं ऐकत आले. मग एका उन्हाळ्यात घरी बसून होते, तेव्हा शाळेतल्या जुन्या वहीच्या कोऱ्या पानांवर लिहायला लागले. कोणत्या रस्त्याने गेलो, कुठे पाणी मिळालं, कोणत्या ओसरीवर बसवलं आणि कुठे उंबऱ्याबाहेर, कोण काय बोललं. घरात आम्ही आमच्या मोडक्यातोडक्या उर्दूत वऱ्हाडी मिसळून बोलायचो, सासू तर बहुतेक वऱ्हाडीच, दारोदारही वऱ्हाडी आणि लिहायला येत होतं ते शाळेतलं मराठी. तेव्हा माझं मी शाळेतल्यासारखं लिहिलं, आणि लोकांचं बोलणं त्यांनी बोललं तसं.

शाळेत मला ज्यांनी शिकवलं त्या बाई अजून गावातच होत्या. त्यांनी ती पानं वाचली. म्हणाल्या, "हे पाठव." आमचा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला, त्यामुळे सगळे सरकारी कागद नागपूरला जायचे. मीही माझा कागद नागपूरलाच पाठवला.

संपादकांच्या पत्राला मी लगेच उत्तर लिहिलं. "लेख माझा आहे. खात्री करायची असेल तर डोणगावला यावं, समोर बसून लिहून दाखवीन. काशीचं वर्णन काशीला गेलेल्यांकडून घ्यावं. दुसरबीडला मी गेले आहे."

काय वाटलं कुणास ठाऊक, त्यांनी लेख छापला. अंक आला तेव्हा बाईंनी शाळेच्या पडवीत तो मोठ्याने वाचला. सासू भिंतीला टेकून ऐकत होती. रोहिणखेडच्या जुन्या मशिदीच्या पायऱ्यांवर बसून ती मला माहेरचं काही सांगते, अशी त्यात एक जागा होती. वाचता वाचता बाई तिथवर आल्या आणि त्यांनी वाचलं, "अगं सूनबाई, माझे बालपण याच पायऱ्यांवर व्यतीत झाले."

सासू ताठ झाली. "थे कोन हाय?"

"तुम्हीच आहात, अम्मा," मी म्हटलं.

"मी कवा असं बोलली व? मी तं म्हटलं होतं, या पायऱ्यायनं मले लहानाची मोठी केली. माया तोंडात कोन्या भटणीचं बोलनं घातलं?"

बाई स्वतः ब्राह्मण. त्या इतक्या हसल्या की अंक हातातून खाली पडला. मला मात्र हसू आलं नाही. सगळा लेख तसाच झाला होता. प्रत्येक 'मले'चं 'मला' झालं होतं, प्रत्येक 'काऊन'चं 'का'. माझ्या मुलखातल्या सगळ्या बायका एका रात्रीत पुण्याला राहायला गेल्या होत्या. मी संपादकांना कळवलं, की पुढचा लेख पाठवीन तो बोली न बदलण्याच्या अटीवर. उत्तर आलं, मासिकाचा दर्जा पाहता ते शक्य नाही. मी दुसरा लेख पाठवलाच नाही.

पण पहिला लेख जायचा तिथे गेला होता. पुढच्या फेरीला दुसरबीडच्या एका मोठ्या घरासमोर आम्ही आवाज दिला तर दार उघडलं नाही. आतून म्हातारीचा आवाज आला, "इथं कोनाले बांगड्या भराच्या नाहीत. घरच्या गोष्टी छापाले नेतं, आन् वरून दारात येतं?"

मला कळलं. त्या घरातली धाकटी सून मागच्या वर्षी बांगड्या भरताना सहज म्हणाली होती, "बारा वर्सं झाले मले या घरात. बाजार तिथं भरते, आवाज इथवर येते, पन म्या अजून पाह्यला नाही." नाव न घालता मी ते लिहिलं होतं. पण बाजाराला तेवढं लागून असलेलं आणि तेवढ्या बंदोबस्ताचं घर त्या गावात एकच होतं.

वर्षभर ते दार बंद राहिलं. आमच्या जमातीतले दोघे बुजुर्गही तोवर घरी येऊन गेले. बहू लोकांच्या घरात शिरते आणि कलम चालवते, धंदा बुडेल, असं ते नवऱ्याला सांगत होते. नवरा मान खाली घालून उभा. सासूच बाहेर आली. "माही सून चोरी करते का? नाही ना? मंग च्या प्या आन् जा." ते चहा न पिताच गेले.

त्यानंतरच्या फेरीत दुसरबीडच्या त्या घराच्या मागच्या दाराने मला हाक आली. धाकटी सूनच होती. तिने हात पुढे केला, मी बसले. तिने दोन बांगड्या चढू दिल्या. मग म्हणाली, "तू लिहिलं थे खरं हाय. पन मले इचारलं काऊन नाही?"

संपादकाला मी उत्तर दिलं होतं, बुजुर्गांना सासूने. हिच्यापुढे मी मान खाली घातली. "चुकलं," म्हटलं.

"चुकलंच," ती म्हणाली. मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. "पन ऐक. थे वाचून मालक लय तापले. म्हने, लोकं म्हनतीन आमी बायकोले कोंडून ठेवतो. लेख खोटा पाडाले मले घेऊन गेले बाजारात. साऱ्या गावादेखत! तवापासून दर बाजाराले नेतात. न्याच लागते आता."

"आता हे लिहू का?" मी विचारलं.

तिने एकदा घरात डोकावून पाहिलं. "लिही. पन आंधी मले वाचून दाखव."

त्या दिवसापासून मी तो नियम केला. जिचं लिहीन तिला आधी ऐकवीन. काही जणींनी नाही म्हटलं, ती पानं मी फाडली. चांगली पानं होती. काही जणी ऐकता ऐकता दुरुस्त्या सांगत, आणि त्या दुरुस्त्या बहुतेक वेळा माझ्यापेक्षा बऱ्या असत.

अशा पानांचं पुस्तक पुढे चार वर्षांनी खामगावच्या एका छोट्या छापखान्यात झालं. अक्षरांचे खिळे जुळवणारा माणूस भला होता, पण त्याच्या हाताला सवय लागलेली. दर ओळीत 'मला' जुळवायचा. मी सकाळी त्याच्याजवळ स्टूल घेऊन बसे. तो म्हणे, "बाई, लोकं मलेच हासतीन. म्हनतीन याले शुद्ध येत नाही."

"तुम्ही आत्ता काय म्हणालात?" मी विचारलं. "मले म्हणालात ना? तेच लावा."

त्याने ओळ उपसली आणि खिळे पुन्हा जुळवले. सहा दिवस मी त्या स्टुलावर बसून होते. नवरा रोज बाहेर तट्टाला चारा घालून मुकाट माझी वाट बघायचा. त्याने एकदाही 'पुरे' म्हटलं नाही, हे इथे लिहायला हवं.

पुण्याहून एका वाचकाने अशुद्ध शब्दांची यादी करून पाठवली. ती माझ्या सासूच्या तोंडच्या शब्दांची यादी होती. मी त्यांना लिहिलं की आपण मेहनतीने गोळा केलेत, आभारी आहे. आणखी बरेच राहिलेत, पुढच्या पुस्तकात मिळतील.

दुसरं पुस्तक झालं, तिसरंही. मधे एकदा नवऱ्याबरोबर माल आणायला मी रेल्वेने फिरोजाबादला जाऊन आले. आमच्या बांगड्या जिथून येतात ती भट्टी पाहिली. हे कळताच नागपूरच्या त्याच संपादकांचं पत्र आलं. आता त्यांचे शब्द मऊ होते. असा दूरचा प्रवास आपण केला आहे, तर तो लेख आमच्याकडेच द्यावा. मी वही काढली. फिरोजाबादची दोनच पानं होती. भट्टीची धग होती, काचेचा रंग होता, पण तिथे मी कुणाचा हात हातात घेतला नव्हता.

मी त्यांना ती दोन पानं दिली नाहीत. त्याच आठवड्यात दुसरबीडच्या बाजारावरचा मोठा लेख केला होता. मागच्या दाराशी बसून त्या धाकट्या सुनेला दोनदा वाचून दाखवलेला. तो पाठवला, वर एक ओळ लिहून: जसाच्या तसा, नाहीतर परत.

दोन महिन्यांनी अंक आला. पहिल्याच पानावर ती बाजाराच्या तोंडाशी उभी होती आणि म्हणत होती, "थांबा जरासे. मले आंधी पाहू द्या."