अर्ध्या गोष्टींचे डॉक्टर

लातूर जिल्ह्यातल्या माणसांना वेदनेतून मुक्त करणारा एकच थोर पुरुष मी जवळून पाहिला. त्यांना मठ नव्हता, शिष्य नव्हते. एक जुनी मोटारसायकल होती आणि तिच्यामागे रबराने बांधलेली काळी बॅग. ते भूलतज्ज्ञ होते. ज्या दवाखान्यात ऑपरेशन असेल तिथे जायचे, माणसाला झोपवायचे, उठवायचे आणि पुढच्या दवाखान्याची वाट धरायचे. दवाखान्याच्या पाटीवर सर्जनचे नाव हातभर अक्षरांत असे, त्याखाली सर्जनच्या पत्नीचे, आणि वर गणपती. आमच्या डॉक्टरांचे नाव कुठल्याच पाटीवर नव्हते. सगळे त्यांना ‘भूलवाले’ म्हणत.

भूल देताना गप्पा मारायची त्यांना खोड होती. टेबलावरच्या माणसाला विचारायचे, “गाव कोणतं, मामा? बैल कुणाकडून घेतला?” मामा सांगू लागायचे आणि बैल बाजारातून घरी पोचायच्या आत झोपायचे. “मास्तर,” डॉक्टर मला म्हणायचे, “अख्ख्या जिल्ह्याच्या अर्ध्या गोष्टी माझ्याकडं हायत.” उरलेली अर्धी ऐकायला ते संध्याकाळी वॉर्डात जायचे. पेशंट नीट शुद्धीवर आला का, हे ते “मग जावयानं काय केलं?” असे विचारून ठरवायचे. एका म्हातारीने डोळे उघडल्या उघडल्या सणसणीत शिवी हासडली. ती जावयाला होती. डॉक्टर म्हणाले, “आली शुद्ध. आता चहा द्या.”

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायचो आणि कॉलेजात मराठी शिकवायचो. त्यांनी लग्न केले नव्हते. “मला झोपवायला येतं, नांदवायला न्हाई,” हे त्यांचे स्पष्टीकरण. मूळचे देवणीचे. थोरले भाऊ, अण्णा, तिकडे शेती बघत. त्यामुळे डॉक्टर मनाने कधी लातुरात आलेच नव्हते. रस्त्यात चांगला बैल दिसला की मोटारसायकल थांबायची, मग सर्जन हात धुऊन वाट बघत बसला तरी चालेल.

मग कधीतरी त्यांनी संध्याकाळचे वॉर्डात जाणे बंद केले. मी विचारले, “डॉक्टर, आजची गोष्ट अर्धीच ठेवणार?” म्हणाले, “असू द्या हो. समद्यांच्या गोष्टी सारख्याच.” हे वाक्य त्यांचे नव्हते. एके दुपारी कपडे बदलायच्या खोलीत नर्सला ते निळे पडलेले सापडले. फेंटॅनिल. ऑपरेशनच्या वेळी कळ मारायला देतात ते औषध. पाठ फार दुखते म्हणून पेशंटला देऊन उरलेले एकदा घेतले आणि मग पाठ बरी झाल्यावरही घेत राहिले. सर्जनने त्यांना वाचवले आणि बाहेर सांगितले, बीपी लो झाला. आमच्याकडे प्रतिष्ठित माणसाला दुसरा आजार होत नाही.

“काय वाटायचं घेतल्यावर?” मी नंतर विचारले.

“पहिल्यांदा असं वाटलं मास्तर, की कुणीतरी मलाच विचारतंय, गाव कोणतं म्हणून.” मग म्हणाले, “पुढं काहीच वाटायचं न्हाई. न्हाई घेतलं तर हाडं पिळून काढल्यागत व्हायचं, म्हणून घ्यायचं.”

लातुरात ओळखी फार, म्हणून उपचार नांदेडला. मी एसटीने सोबत जायचो. तिथल्या मानसोपचाराच्या बाई वयाने आमच्या विद्यार्थिनीसारख्या आणि आवाजाने हेडमास्तरसारख्या. त्यांनी तल्लफ आणि हाडांचे पिळणे दोन्ही थोपवणारी एक गोळी सुरू केली. जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत बोलायचे नाही. डॉक्टरांना उपचारातला सगळ्यात अवघड भाग हाच गेला. पहिल्याच आठवड्यात बाकावर शेजारी अर्धापूरचा एक केळीवाला बसला आणि आपल्या भावकीचे भांडण सांगू लागला. डॉक्टर तोंड मिटून, डोळे मोठे करून, हातानेच “पुढं? पुढं?” करत होते. केळीवाल्याला इतका चांगला श्रोता जन्मात मिळाला नसावा.

बाईंनी दोन गोष्टी बजावल्या. काळ्या बॅगेला हात लावायचा नाही. आणि त्या सांगेपर्यंत गोळी बंद करायची नाही, “बरं वाटतंय म्हणून तर मुळीच नाही.” डॉक्टरांनी दोन्ही पाळल्या. भूल देणे सोडून ते ऑपरेशनच्या आधी पेशंट तपासण्याचे काम करू लागले. अंगावर मांस आले. एका संध्याकाळी ते पुन्हा वॉर्डात कुणाच्या तरी खाटेवर बसून जावयाची चौकशी करताना दिसले. मी घरी येऊन एकट्याने पेढा खाल्ला.

देवणीकडे एक व्यसनमुक्ती समिती आहे. शिमग्याला ती व्यसनांची होळी करते. गुटख्याच्या पुड्या, विड्यांची बंडले सगळ्यांसमोर आगीत टाकायची. अध्यक्ष भाषणाआधी तोंडातली तंबाखू थुंकून येतात, यावरून त्यांची तळमळ लक्षात यावी. अण्णांकडून डॉक्टरांची हकीकत कळल्यावर यावेळी त्यांना हे गावचे सुपुत्र हवे होते. अण्णांनाही ते पटले. फोनवर म्हणाले, “एक सुटलं म्हणतूस आन् रोज जिभंखाली दुसरं ठिवतूस. टाक की तीबी, समद्यांच्या देखत. म्हंजी मोकळा झालास.”

“अण्णांना शुगर आहे ना?” मी म्हणालो. “मग तेही आपली गोळी टाकतील होळीत?”

डॉक्टर खूप हसले. “हे बाईला सांगतो.” मग हसू गेले. “पर अण्णानं नांगर धरला म्हणून माझ्या हातात पुस्तक आलं, मास्तर. त्याला न्हाई कसं म्हणू?” आणि त्यांनी देवणीची गाडी धरली.

हलगी वाजली, शाल मिळाली, अण्णा रडले. गोळ्यांची पट्टी जळाली.

परत आले ते घामाने भिजलेले, शिंकत, पाय झाडत. मी म्हणालो, आत्ताच्या आत्ता नांदेडला चला. “सोमवारी जाऊ. लगेच गेलो तर अण्णाला खोटं पाडल्यासारखं हुईल.” रविवारी निलंग्याच्या एका दवाखान्याचा फोन आला. भूल द्यायला माणूस मिळत नव्हता, बाई अडली होती. मी कॉलेजातल्या कसल्याशा परीक्षेवर होतो. आलो तर मोटारसायकल जागेवर नव्हती. ऑपरेशन नीट झाले, बाळ-बाळंतीण सुखरूप. डॉक्टर कपडे बदलायच्या खोलीत गेले ते तिथून उठले नाहीत. शरीराची सवय मोडली होती, फेंटॅनिलचा जुना डोस त्याला झेपला नाही, असे नांदेडच्या बाईंनी मला फोनवर समजावले. मग विचारले, “गोळी कुणी बंद केली?” मी सांगितले.

अजून बाजारात कुणी म्हातारा मला अडवतो. “मास्तर, ते भूलवाले कुठं गेले हो? आमच्या म्हशीचं सांगायचं ऱ्हायलंय त्यांना.” मी म्हणतो, मला सांगा. तो सांगतो, पण लवकर आवरते घेतो. मला तसे विचारता येत नाही. संध्याकाळी वॉर्डाच्या बाजूने जाताना मी अजून आत बघतो, आणि कुणी खाटेच्या कडेला बसलेला दिसला की पाय आपोआप मंदावतात.

यंदाही देवणीला व्यसनांची होळी झाली. मोठ्या फलकावर व्यसनमुक्त झालेल्यांचे फोटो होते. मधला डॉक्टरांचा, पट्टी धरलेला हात आगीवर. त्यांच्या नावाआधी ‘कै.’ नव्हते. अध्यक्षांना विचारले, तर म्हणाले, त्याने संदेश बिघडतो.